उशिराचं कारण

३ तारीख, मंगळवार

ही वही गार्डाच्या जर्नलची आहे. आमचे हे रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा पेटीत अशा चार कोऱ्या वह्या निघाल्या. सून म्हणते, प्रत्येक पानावर रकाने छापलेले आहेत. गाडी कुठली, सुटली किती वाजता, पोचली किती वाजता, आणि अगदी कडेला एक बारकासा रकाना, उशिराचं कारण. मी म्हटलं, माझ्या वयाला साजेशीच वही सापडली तुला.

मला लिहिता-वाचता येत नाही. मी सांगते, सून लिहिते. हा चिरंजीवांचा हुकूम. येत्या पंधरा तारखेला, रविवारी, वसाहतीच्या सभागृहात तो जुना युद्धाचा सिनेमा दाखवणार आहेत, आपल्याच स्टेशनात आणि आपल्याच पुलावर काढलेला. त्यानिमित्त स्मरणिका निघतेय आणि तिच्यात माझ्या आठवणी हव्या आहेत. ‘वीर चालकाच्या सहधर्मचारिणीचे मनोगत’ असा मथळासुद्धा ठरलाय. मनोगत तेवढं यायचं राहिलंय.

सिनेमाची गोष्ट अशी. शत्रू गावाच्या वेशीवर आलाय आणि दवाखान्यातली जखमी माणसं भरून शेवटची गाडी पुलापलीकडे न्यायची आहे. पुलाखाली सुरुंग पेरलेले. गाडी कशीबशी पार होते, हिरो मरतो, सगळे रडतात. तो हिरो मोठा गाजलेला नट होता, पण त्याला म्हणे धड सायकल चालवता येत नव्हती. म्हणून पुलावरच्या प्रसंगाला खरा ड्रायव्हर घेतला. इंजिनाच्या दांड्यावरचा हात दिसतो ना, तो आमच्या ह्यांचा. एकोणसाठ वर्षं सगळी वसाहत असंच म्हणते.

सिनेमा त्या वेळी तंबूत आठवडाभर लागला आणि नंतर कुठे गडप झाला कोण जाणे. आता कुठल्याशा संग्रहालयाच्या तळघरात एक प्रत सापडलीय. तळघरात होती तर तिथे सुखात होती.

सून विचारते, उशिराच्या रकान्यात काय लिहू? मी म्हटलं, राहू दे रिकामा. आपल्याला कुठे जायचंय.

५ तारीख, गुरुवार

समितीची बैठक आमच्या घरी झाली. तीन तास. चहा दोनदा, बिस्किटांचे दोन पुडे, निर्णय एक.

अध्यक्ष म्हणजे आमचा भोंगा. तीस वर्षं स्टेशनावर गाड्यांच्या घोषणा करत होता. निवृत्त झाला, पण घोषणा सुटल्या नाहीत. घरात भाजीत मीठ कमी पडलं तरी आधी ‘कृपया लक्ष द्या’ म्हणतो, मग सांगतो. त्याच्या शेजारी मास्तर, म्हणजे जुने स्टेशनमास्तर. हा माणूस घड्याळाकडे बघितल्याशिवाय शिंकतही नाही. आणि चिटणीस आमचे चिरंजीव, तिकीट तपासनीस, पुढच्या वर्षी निवृत्त होणार. म्हणून आत्तापासून समितीत जागा धरून ठेवलीय.

पहिला तास पहिल्या रांगेत कोण बसणार ह्यात गेला. दुसरा तास सिनेमाचं यंत्र कोण चालवणार ह्यात. बाहेरून जाणता माणूस बोलवावा असं कोणीतरी सुचवलं. त्यावर मास्तरांनी असं पाहिलं की जणू त्यांच्या स्टेशनात परका माणूस सिग्नल ओढायला निघालाय. वसाहतीचं यंत्र वसाहतीचाच माणूस चालवेल, आणि तो माणूस मी, असं म्हणाले. सिनेमाचे आठ डबे आहेत, आठही डबे त्यांच्या ताब्यात. ठरलं.

तिसऱ्या तासाला तो एक निर्णय झाला. सभागृहाला आमच्या ह्यांचं नाव द्यायचं. पाटी करायची, वर पडदा लावायचा, आणि पडदा मी ओढायचा, पुलाचा प्रसंग पाहून झाल्या झाल्या. चिरंजीवांनी ते लगेच टिपून घेतलं, खाली दोन रेघा ओढल्या. बाप जिवंत असताना दोघांत दिवसाकाठी चार शब्द होत नसत, त्यातले दोन जेवणाचे. आता मात्र बोलताना बाबांच्या पुलापासून सुरुवात होते.

मी उठून आत गेले आणि तांब्याभर पाणी प्यायले. सून म्हणते, हेही लिहू का? लिही. तहान लागली होती, त्यात काय.

८ तारीख, रविवार

आज सकाळी घुम्या परत फाटकावर काठी आपटून गेला.

घुम्याबद्दल सांगायला हवं. आमच्या ह्यांच्या इंजिनावर हा फायरमन होता, कोळसा टाकणारा. ह्यांच्याबरोबर अठ्ठावीस वर्षं. आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतो, लेकीजवळ. लेक शिवणकाम करते, तिच्या मशीनला जेवढा आवाज आहे तेवढाही ह्याला नाही, म्हणून घुम्या. तोंडावर मी भाऊजी म्हणते.

सकाळी सहाला फिरायला निघतो आणि जाता जाता काठी आमच्या लोखंडी फाटकावर दोनदा आपटतो. टण, टण. हे होते तेव्हा आतून चमचा कपावर दोनदा वाजवायचे. तेवढ्यावर पुढे जायचा. मला ते कधी समजलं नाही. अठ्ठावीस वर्षं एका इंजिनावर उभे राहिलेले दोन पुरुष, बोलायचं तर तोंडं होती की. हे जाऊन अकरा वर्षं झाली. घुम्या अजून आपटतो आणि क्षणभर थांबून राहतो.

मी ओ देत नाही. कशाला देऊ? मला ठाऊक आहे तो काय सांगतो ते. मला आठवण करून देतो, रोज, न चुकता.

कसली आठवण, असं सून विचारते. हे स्मरणिकेत द्यायचं नाही असं वर लिही आधी.

१० तारीख, मंगळवार

पाटी आली. चिरंजीवांनी पुढच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलीय आणि येता-जाता फडक्याने पुसताहेत.

मी जवळ जाऊन बोटाने चाचपून पाहिली. वरची अक्षरं जाड, बोटाला चांगली लागतात. मी म्हटलं, नाव छान मोठं केलंय हो तुझ्या सासऱ्यांचं. सून म्हणाली, आई, ते अध्यक्षांचं नाव आहे, ‘यांच्या प्रेरणेने’ म्हणून. मामंजींचं त्याच्या खालचं, बारीक.

ते बरंच आहे म्हणा. नाव जितकं बारीक तितकं कमी खोटं.

सून लिहिता लिहिता थांबली. मी काय बोलून गेले ते माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. भाजी जळतेय असं म्हणून मी तिला उठवलं. गॅसवर काही नव्हतं.

११ तारीख, बुधवार

सुनेला म्हटलं, पेन खाली ठेव. तिने ठेवलं आणि मी सगळं सांगून टाकलं. सांगून झाल्यावर म्हटलं, आता घे पेन आणि लिही, नाहीतर तुझ्या पोटात दुखेल. माझं एकोणसाठ वर्षं दुखतंय.

तर. पुलावर इंजिन आमच्या ह्यांनी नेलं नाही. घुम्याने नेलं.

चिरंजीव तेव्हा चार दिवसांचे होते. सिनेमावाले आठवडाभर स्टेशनात तळ ठोकून बसलेले. नवा पूल त्यांना पसंत नव्हता, त्यांना नदीवरचा जुना पूल हवा होता, वापरातून काढून टाकलेला, कारण म्हणे तो कॅमेऱ्यात भयंकर दिसतो. भयंकर दिसतो कारण होताच तसा. त्याच्यावरून भरधाव गाडी न्यायची आणि दोन्ही बाजूंना दारू उडवायची. हे आदल्या दिवशी घरी आले आणि हसत हसत मला हे सांगू लागले. मी बाळंतीण. खाटेवरच उठून बसले आणि म्हटलं, जायचं असेल तर आधी ह्या पोराला नदीत टाका आणि मग जा. नुसती बोलले नाही. पोर त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि दाराला आतून कडी लावून दारातच बसले.

सकाळी घुम्या बोलवायला आला. मी खिडकीतून सांगितलं, ह्यांना ताप आहे. त्याने आत पाहिलं. हे पोराला घेऊन बसलेले, तापबीप काही नाही. घुम्याने खुंटीवरची ह्यांची टोपी तेवढी मागितली. मी गजांतून दिली.

फायरमनने एकट्याने इंजिन चालवलं हे कळलं असतं तर नोकरी गेली असती, दोघांचीही. म्हणून टोपी ह्यांची, सही ह्यांची, नाव ह्यांचं. सिनेमावाल्यांना काय, टोपी दिसली की ड्रायव्हर. गाडी पार झाली. सरकारी प्रशस्तिपत्र आलं, भिंतीवर लागलं. लोक ह्यांना पूल कसा होता विचारायचे. पहिली काही वर्षं हे नुसते मान हलवायचे. मग एकदा कोणापुढेतरी म्हणाले, हादरत होता खूप. आणि मग हादरतच राहिला, दर वर्षी थोडा जास्त.

सून म्हणाली, आणि सिनेमात तो हात?

डावा आहे, मी म्हटलं. घुम्या डावखुरा. मी तंबूत पाहिलाय, ह्यांच्या शेजारी बसून. हे सबंध प्रसंगभर खाली बघत होते.

आता रविवारी दोनशे माणसं तो हात बघणार. रेल्वेची माणसं. ह्यांच्याबरोबर चाळीस वर्षं जेवलेली.

१३ तारीख, शुक्रवार

काल दिवसभर विचार केला, म्हणजे झोपले. आज उठून घुम्याकडे गेले. तिसरं घर, पण गुडघ्यांना तिसरं गाव. त्याची लेक मशीनवर होती. मला बघून सुईत दोराच राहिला तिचा. एकोणसाठ वर्षांत मी त्या घराची पायरी चढले नव्हते.

घुम्या खुर्चीत बसून बटणं निवडत होता, पांढरी एका डबीत, काळी दुसऱ्या डबीत. डाव्या हाताने.

मी म्हटलं, “भाऊजी, रविवारी सिनेमा आहे.”

“हो.”

“येणार?”

“येणार.”

“हात दिसेल त्यात.”

त्याने एक काळं बटण पांढऱ्यांतून उचलून आपल्या डबीत टाकलं. मग म्हणाला, “गुडघा कसा आहे, वहिनी?”

असा हा माणूस. मी माझं मन घट्ट करून आलेले आणि हा गुडघ्याची चौकशी करतो. मी म्हटलं, गुडघा जाऊ दे, पाटीवर ह्यांचं नाव येतंय, पडदा मी ओढायचाय, मी सांगून टाकू का सगळं? तुमचं आहे ते तुमच्या पदरात टाकू का?

लेकीने मशीन थांबवलं. मग म्हणाला, “मला गाडी पार करायची होती. ती झाली. बाकी तुम्ही म्हणाल तसं.” एका दमात ह्याहून जास्त बोललेलं त्याच्या लेकीनेही ऐकलं नसेल.

येताना वाटेत मला राग आला. नको म्हणाला असता तर गप्प बसता आलं असतं. हो म्हणाला असता तर सांगता आलं असतं. माझ्यावर सोडलं. सूड असाच घेतात घुमे लोक.

१६ तारीख, सोमवार

काल झालं. सून म्हणते, सगळं एका दमात सांगू नका, मनगट दुखतं. सांगणार मी, मनगट हिचं.

सहा वाजता सुरू होणार होतं, सहालाच झालं. मास्तरांनी दारात उभं राहून हिरवं निशाण दाखवलं. पाच मिनिटं उशिरा आलेल्या दोन बायकांना भोंग्याने माइकवरून गैरसोयीबद्दल खेद व्यक्त करून दाखवला. पहिल्या रांगेत मी, चिरंजीव, सून. घुम्या शेवटच्या रांगेत, भिंतीला लागून.

यंत्र एकच. त्यामुळे डबा संपला की दिवे लागायचे, मास्तर दुसरा डबा चढवायचे, मग पुन्हा अंधार. पहिला डबा छान झाला. शत्रू आला, घंटा वाजल्या, नर्स हिरोकडे बघून लाजली. दिवे. दुसऱ्यांदा अंधार झाला तर एकदम नर्सचं हिरोशी लग्न झालेलं. मला वाटलं माझा डोळा लागला होता. तिसऱ्यांदा अंधार झाला तेव्हा शत्रूचा तो टकल्या अधिकारी गोळी लागून पडला, त्याला कोणी मारलं ते कळलं नाही. चौथ्यांदा गाडी पुलापलीकडे पोचलेलीच होती, जखमी उतरत होते आणि हिरो मरत होता. सभागृहात नाकं ओढण्याचे आवाज. पण पूल?

मागून कोणीतरी विचारलं, “मास्तर, पूल कुठाय?”

मास्तरांनी यंत्रामागून मान वर काढली. “येतोय. विषम डबे आधी झाले. आता सम सोडतो.”

सून माझ्या कानात म्हणाली, आई, मास्तरांनी एक-तीन-पाच-सात लावले. मी म्हटलं, मग? तेव्हा मला तिने हळूहळू समजावलं आणि मला पोट धरून हसू आलं. हसणाऱ्या आम्ही दोघीच. मास्तर तिकडे समजावत होते की जाणाऱ्या गाड्यांना विषम नंबर, येणाऱ्यांना सम, आणि दोन्ही एका रुळावर एकदम सोडल्या तर काय होईल हे रेल्वेत काम केलेल्या माणसाला सांगायला नको. दोनशे माणसांनी माना डोलावल्या. एक जुना गार्ड तर म्हणाला, तरीच, मला गाडी जाताना एवढी घाई का वाटत होती.

तर मध्यंतर. ठरल्याप्रमाणे पडदा पुलाच्या प्रसंगानंतर ओढायचा होता. पण कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं सात वाजून वीस मिनिटं, आणि सात वाजून वीस मिनिटं झाली होती. पूल थांबू शकतो, पत्रिका नाही. भोंग्याने बावीस मिनिटं भाषण केलं. आमच्या ह्यांच्या धैर्याबद्दल दोन, ध्वनियंत्रणेबद्दल वीस. मग मला पुष्पगुच्छ दिला, दोरी हातात दिली आणि माइक तोंडासमोर धरला.

मी घरून ठरवून आले नव्हते. खोटं कशाला बोलू, न सांगण्याचंच ठरवून आले होते. पण तिथून शेवटची रांग दिसत होती. घुम्या बसला होता, काठी दोन गुडघ्यांमध्ये, आणि माझ्याकडे बघत होता तसाच, सकाळी फाटकाबाहेर थांबून बघतो तसा.

मी म्हटलं, “ही पाटी चुकलीय. त्या दिवशी इंजिन माझ्या नवऱ्याने नेलं नाही. मी त्यांना जाऊ दिलं नव्हतं. पुलावरून गाडी ह्या भाऊजींनी नेली, ते तिकडे बसलेत.”

भोंग्याने माइक माझ्या तोंडापुढून अलगद काढून घेतला आणि म्हणाला, काय हा विनय. नवऱ्याचं श्रेय त्याच्या सहकाऱ्याला द्यायचं, असं मोठं मन आता कुठे बघायला मिळतं. आणि टाळ्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी मोठ्याने म्हटलं, अहो, खरं सांगतेय. टाळ्या वाढल्या. दोरी कोणी ओढली मला माहीत नाही, मी नाही. पडदा पडला.

आयुष्यात एकदा खरं बोलले आणि त्याचा सत्कार झाला.

चिरंजीवांकडे बघवेना. ते टाळ्या वाजवत नव्हते, एवढं मात्र मी पाहिलं.

मग सम डबे. मेलेला हिरो उठून न्याहारी करायला बसला, त्यावर लोक खूश. टकल्या अधिकारी जिवंत झाला, त्यालाही टाळ्या पडल्या. आणि सहाव्या डब्यात पूल आला.

तो मी दुसऱ्यांदा पाहिला. धूर, खालून पाणी, आणि पडदाभर तो हात, दांड्यावर. काळा, मोठा, कोपरापर्यंत बाही दुमडलेली. डावा. अगदी स्थिर. पूल हादरतो, इंजिन हादरतं, हात नाही.

रेल्वेचीच माणसं ती, त्यांना सांगावं लागत नाही. कुजबुज सुरू झाली. तो जुना गार्ड मोठ्याने म्हणाला, हात डावा आहे, आपला ड्रायव्हर तर उजवा होता. दोनशे डोकी मागे वळली. घुम्या बसलेला होता आणि त्याचा डावा हात काठीच्या मुठीवर होता, तसाच, पडद्यावरच्यासारखाच.

घुम्याने काठी हळूच उजव्या हातात घेतली आणि म्हणाला, “फिल्म उलटी लागलीय.”

एवढंच. सगळ्यांना केवढं हायसं वाटलं. अर्थातच. ज्या माणसाने डबे असे लावले त्याने फिल्मही उलटी लावली असणार. मास्तरांवर सगळे तुटून पडले. मास्तर म्हणाले, मी कधीच उलटी लावत नाही. तर म्हणे, मग हात डावा कसा? शेवटचा डबा ह्या भांडणातच संपला. गाडी पुलावरून निघून नेमकी कुठे गेली, हे आता वसाहतीत कोणालाच माहीत नाही.

घरी आल्यावर सून म्हणाली, आई, पुलावर मागे एक पाटी होती, नंबराची. आकडे सरळ होते. फिल्म उलटी असती तर आकडेही उलटे दिसले असते.

मी म्हटलं, मग सांगायचंस ना तिथेच. सगळे शिकलेले बसले होते, एकालाही वाचता येईना?

ती म्हणाली, तुम्ही सांगितलंत तेव्हा तरी कोणी ऐकलं?

१७ तारीख, मंगळवार

चिरंजीव दोन दिवस नीट जेवले नाहीत. आज दुपारी माझ्या खाटेशी येऊन बसले. हातात स्मरणिका. चित्रीकरणाची तारीख त्यांनीच शोधून छापलेली. आपल्या जन्माची तारीख काय त्यांना पाठ आहे. माणूस रोज तीनशे तिकिटांवरची तारीख तपासतो आणि ह्या दोन तारखा शेजारी ठेवून त्याने कधी पाहिल्या नव्हत्या.

“पुलावरच्या पाटीचे आकडे सरळ होते, आई,” म्हणाले.

म्हणजे चिरंजीवांनीही वाचले होते.

“बाबा त्या दिवशी कुठे होते?”

“इथे. तुला मांडीवर घेऊन. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. दोनदा भिजवलंस त्यांना, तरी उठले नाहीत.”

चिरंजीव बराच वेळ स्मरणिकेची कड दुमडत बसले. मग म्हणाले, मला तर बाबांनी कधी उचलून घेतल्याचं आठवत नाही.

तेही खरं. नंतर नाही घेतलं कधी. जवळ गेला की उठून बाहेर जायचे. मी सांगितलं, त्यांना कामच फार असायचं. एका दिवसात सगळं घेऊन झालं असेल.

चिरंजीवांचे डोळे भरून आले. मला समजलं नाही, मी काय वाईट बोलले. सुनेकडे पाहिलं तर तीही पेन सोडून नाक पुसत होती. ह्या घरात लोक कशावरही रडतात.

२० तारीख, शुक्रवार

समितीने सत्यशोधन उपसमिती नेमली आहे. फिल्म उलटी होती की नव्हती ह्याचा अहवाल ती सहा महिन्यांत देणार. अध्यक्ष भोंगा, सदस्य मास्तर. म्हणजे न्याय झालाच.

चिरंजीव तेवढे थांबले नाहीत. काल दुपारी पाटी करणाऱ्या रंगाऱ्याला घेऊन सभागृहात गेले. समितीने विचारलं तर चिटणीस आहे, म्हणाले, दुरुस्ती करतोय. आज सकाळी मला रिक्षात घालून दाखवायला नेलं. मी बोटाने चाचपून पाहिलं. वरची जाड अक्षरं तशीच जाड.

मी म्हटलं, भोंग्याचं नाव अजून आहेच की.

सुनेने वाचून दाखवलं. भोंग्याचं नाव खरवडून त्याच जागी, तेवढ्याच जाड अक्षरांत घुम्याचं नाव. त्याखाली, बारीक, आमच्या ह्यांचं. ‘यांच्या प्रेरणेने’ एवढं मात्र रंगाऱ्याने खाली ह्यांच्या नावापुढे ठेवलं, कारण ते पुसायला सांगायचं चिरंजीव विसरले. मी म्हटलं, असू दे. प्रेरणा त्यांची होतीच. पोराला घेऊन घरी बसून प्रेरणा दिली.

भोंगा तिथे आला. पाटीकडे पाहिलं. तोंड उघडलं. घोषणा आली नाही. मी इतकी वर्षं त्याला ओळखते, पहिल्यांदाच गाडी आणि भोंगा दोन्ही गप्प.

२१ तारीख, शनिवार

आज सकाळी सहाला मी आधीच उठून बसले होते. कप आणि चमचा घेऊन. चहा नव्हता कपात.

टण, टण.

वाटलं होतं, आता नाही येणार. पाटी लागली, नाव लागलं, आता आठवण कशाची द्यायची? तरी आला. मग ही आठवण त्या गोष्टीची नव्हतीच की काय? अकरा वर्षं हा रोज काय विचारत होता?

मला नीटसं समजलं नाही. पण मी चमचा कपावर दोनदा वाजवला.

बाहेर काठी थोडा वेळ हललीच नाही. मग हलली. पावलं गेली, नेहमीपेक्षा हळू.

सून उठून आली, केस विस्कटलेले, म्हणाली, काय वाजलं? मी म्हटलं, बस, लिही. तिने वही घेतली, गाडी, सुटली, पोचली, रकान्यांतून आडवं आडवं सगळं लिहिलं. मग कडेला पेन टेकवून विचारलं, आई, आज तरी ह्यात काही लिहू का? उशीर तर चांगलाच झालाय.

किती मोठा आहे रकाना, मी विचारलं.

दोनच शब्द मावतील, म्हणाली.

पुष्कळ झाले. लिही, ड्रायव्हरची बायको.